तू गेल्यावर कोण बांधणार?

मार्चमधली गोष्ट. नदीचं पाणी उतरलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरचं शेवाळ उन्हानं पापुद्रे धरून सुटायला लागलं होतं. आम्ही चार-पाच जण गुडघाभर पाण्यात उभं राहून बांबू रोवत होतो, धुण्याच्या जागी मगर शिरू नये म्हणून कुंपण करायला. एकानं पहारीनं भोक पाडायचं, दुसऱ्यानं बांबू धरायचा, तिसऱ्यानं वरून ठोकायचा. दोरीचं काम माझ्याकडे होतं, कारण गाठी मारण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही असा माझा (आणि फक्त माझाच) समज आहे. उभ्या बांबूला आडवा बांबू बांधताना मी बोटीवरची गाठ मारली आणि ओढून दाखवली. पायरीवर लुगडं पिळत बसलेल्या एका आत्तींनी ती गाठ अंगठ्यानं दाबली, दोन्ही बाजूंनी हिसका देऊन बघितला. "गाठ चांगली हाय," त्या म्हणाल्या. मग पिळा झटकून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या चढता चढता, बाजाराचा भाव विचारावा इतक्या सहज विचारलं, "आनि तू गेल्यावर कोन बांधनार?"

मी हसून "मी कुठं चाललेय, आत्ती?" असं काहीतरी म्हटलं. उत्तर ऐकायला त्या थांबल्याच नाहीत.

ते वाक्य तेव्हापासून माझ्यामागे लागलं आहे. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त टोचतं. टोमणा असता तर मी घरी येऊन आईजवळ चार शब्द बोलून मोकळी झाले असते. आत्तींनी फक्त हिशोब मांडला होता. ही पोरगी बाहेर होती, समुद्रावर होती, आता इथं आहे, उद्या नसेल. बांबू मात्र दर पावसाळ्यात वाहून जाणार. मुलीच्या जातीनं गाव सोडायचंच असतं हाही त्या हिशोबातला एक आकडा असावा. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, एवढीच सवलत.

आमच्या भागात मुलीनं "मी बोटीवर काम करते" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोनच चित्रं येतात. एक मर्चंट नेव्हीचं, त्यात भक्कम पगार आणि पांढरा गणवेश. दुसरं क्रूझचं, त्यात पोरगी ट्रे घेऊन फिरते. कुणाची तरी शिडाची बोट एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेऊन ताब्यात द्यायची आणि विमानानं परत यायचं, हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो हे माझ्या सख्ख्या मामाला कधी पटलंच नाही. "म्हणजे ड्रायव्हर," तो म्हणायचा. तसं बघितलं तर बरोबरच होतं त्याचं. पुढं 10 सप्टेंबर 2017 ला नौदलाची शिडाची बोट 'तारिणी' गोव्यातून निघाली आणि 21 मे 2018 ला पृथ्वीला वळसा घालून परतली, तेव्हा तिच्यावरच्या सहा अधिकारी मुलींनी माझी मोठीच सोय केली. तेव्हापासून आई पाहुण्यांना "तारिणीवाल्या पोरी करतात तसलं काम" एवढंच सांगते. मी नौदलात नव्हते. विक्रमबिक्रम माझ्या नावावर काही नाही. गोव्यात एका बोटयार्डात फायबर घासण्यापासून सुरुवात केली, नाकातोंडात ती पांढरी भुकटी घेत घेत शिडांचं शिकले, परीक्षा दिल्या, यॉटमास्टर, म्हणजे शिडाच्या बोटीची कप्तान, झाले आणि लोकांच्या बोटी पोचवू लागले. ते सोडून मगरींच्या कामात पडले तेव्हा मामाचा पहिला प्रश्न होता, "काढून टाकलं काय गं तुला?"

पाण्याची सवय मात्र घरची. आमचं गाव भिलवडीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. आण्णांची मोटार नदीवर होती, अजूनही आहे. फुटबॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेत, केंदाळ अडकलं की मोटार पाणी टाकेना व्हायची आणि मग आण्णा छातीभर पाण्यात शिरून पायानं चाचपत ते काढायचे. मी काठावर बॅटरी धरून उभी. मगर असते हे माहीत होतं, पण तेव्हा ती ऐकण्यातच जास्त होती. अमक्याला डिग्रजजवळ दिसली, तमक्याचं कुत्रं गेलं. माझं लक्ष होड्यांकडे. पावसाळ्यात सांगलीला होड्यांच्या शर्यती असायच्या आणि आण्णा मला सायकलवर पुढं बसवून घेऊन जायचे. आयर्विन पूल माणसांनी काळा झालेला, खाली गढूळ पाणी, वल्ही एकदम पाण्यात पडल्याचा तो धप्प आवाज आणि पुलावरून उठणारी आरोळी. 1929 साली बांधलेल्या त्या पुलाच्या कठड्याला छाती लावून मी वाकून बघत असायची आणि आण्णांनी मागून फ्रॉक धरलेला असायचा. समुद्रावर पुढं कितीदा तरी हार्नेसची क्लिप लाइफलाइनला अडकवताना पाठीत तीच ओढ जाणवायची.

समुद्राबद्दल लोक वादळाचं विचारतात. वादळं असतात, पण थोडी. बाकी सगळा वेळ दुरुस्तीत जातो. दोरी कप्पीतून जाते तिथं घासते, शीड डोलकाठीच्या आडव्या दांड्यांना लागून विरतं, पंप बसतो, टॉयलेट तुंबतं, डिझेलमध्ये पाणी जातं. पहाटेचा वॉच संपला की मी डेकवरून एक फेरी मारायची, कपाळावरच्या दिव्याच्या लाल उजेडात. भुवयांवर मीठ साचलेलं, बोटांची टोकं ओल्या सुरकुत्यांनी पांढरी पडलेली. डेकवर एखादी बारीकशी स्प्लिट पिन पडलेली सापडली की पोटात गोळा यायचा. पिन दोन रुपयांची असेल, पण ती कुठून तरी निसटलेली असते, आणि ती जिथं होती तिथला खिळा आता फक्त सवयीनं जागेवर उभा असतो. डोलकाठी पडते ती अशा पिनेपायी. मग ती जागा सापडेपर्यंत झोप नाही, चहा नाही. डोकं वर करून, मान दुखेपर्यंत, एकेक तार बघत जायचं.

इतकी उस्तवार करून बोट बंदरात आणायची, दोऱ्यांची वेटोळी नीट घालायची, आतला भाग पुसून काढायचा आणि किल्ली टेबलावर ठेवायची. मालक सही करतो, हात मिळवतो. ज्या बोटीचा प्रत्येक आवाज झोपेतसुद्धा ओळखू यायचा, ती पुन्हा आयुष्यात दिसत नाही. मला त्या धंद्यातलं हेच आवडायचं. मागं काही उरत नाही. ज्या बंदरात भांडण झालं ते बंदर मागं पडतं, ज्या बेटाजवळ पाण्यात जाळ्यांचा आणि बाटल्यांचा लगदा तरंगताना दिसला ते बेटही मागं पडतं. लॉगबुकात वेळ लिहायची, अक्षांश-रेखांश लिहायचे, पुढं.

पुढं जाणं अवघड गेलं ते एका पक्ष्यामुळं. चाळिशीच्या दक्षिण अक्षांशात, जिथं वारा पश्चिमेकडून येतो आणि त्याला अडवायला जमीनच नसते, तिथं एक भटका अल्बाट्रॉस बोटीच्या मागं लागला. त्याच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो. आमच्या ओसरीची रुंदी त्याहून कमी आहे. तो पंख हलवत नव्हता. खांद्यात एक शिरेसारखा पट्टा असतो, त्यानं पंख पसरलेल्या स्थितीत अडकून राहतो, त्यामुळं स्नायूंना जवळजवळ कामच पडत नाही. लाटेच्या खळग्यात उतरायचा, पंखाचं टोक पाण्याला लागेल न लागेल इतकं कलायचा, वाऱ्यात परत वर चढायचा. मला सुकाणू धरून त्याच वाऱ्यातून तीच बोट नेताना खांदे भरून यायचे. एकदा तो इतका जवळ आला की त्याच्या डोळ्यावरची करडी छटा दिसली आणि चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंबसुद्धा. जास्तीचं मीठ ते नाकातून असं बाहेर टाकतात. आमच्याबरोबरचा एक जुना खलाशी म्हणाला की ह्यांची जोडी दोन वर्षांत एकच अंडं घालते, आणि लाँगलाइनच्या, म्हणजे लांबच लांब दोरीला ओळीनं लावलेल्या, गळावरचं आमिष गिळायला जाऊन गळासकट पाण्याखाली ओढले जातात ते हेच. त्यानं ते हवामान सांगावं तसं सांगितलं. पक्षी दोन दिवस मागं होता, मग नव्हता.

ह्या गोष्टीचं उत्तर मला नामिबियात मिळालं, आणि ते उत्तर इतकं साधं होतं की थोडा रागच आला. वॉल्विस बेला बोट लावली होती. धुकं, मासळीच्या कारखान्यांचा वास, खाडीत उभे फ्लेमिंगो. तिथं बायकांचा एक गट दोरीला रंगीत प्लॅस्टिकच्या फिती बांधताना बघितला. लांबलचक दोरी, ठरावीक अंतरावर दोन-दोन फिती. मासेमारी बोट गळ सोडते तेव्हा ही दोरी मागं सोडायची. फिती फडफडतात, पक्षी बिचकतात, आमिष खाली बुडेपर्यंत लांब राहतात. युक्ती मूळची जपानी मच्छीमारांची. नामिबियानं 2015 मध्ये ती सक्तीची केली आणि तळाशी गळ सोडणाऱ्या लाँगलाइन बोटींवर मरणारे समुद्रपक्षी पुढच्या काही वर्षांत 98 टक्क्यांनी घटले. कुठलं यंत्र नाही, उपग्रह नाही. दोरी, फिती, गाठी, आणि दोरी तुटली की नवी करून देणाऱ्या बायका. मी त्यांच्याजवळ बसून दोन-चार गाठी मारल्या. माझ्या गाठी त्यांना फारशा आवडल्या नाहीत. एकीनं त्या न बोलता सोडून परत बांधल्या.

बांबूच्या कुंपणाची कल्पनाही माझी नाही. ती श्रीलंकेतली. गॉलला बोट दुरुस्तीसाठी अडकली होती तेव्हा बसनं मातराला गेले. तिथं निलवला नदीत धुण्या-अंघोळीच्या जागी लोक पाण्यात खांब रोवून कोट करतात, त्याला किंबुल कोटुवा म्हणतात. आतमध्ये बायका साबण लावत बसलेल्या, पोरं डुंबताहेत, आणि कुंपणाबाहेर तीच नदी, त्यातल्या मगरींसकट. तेव्हा फोटो काढला आणि विसरले. गोव्यातही बोटयार्डात असताना दुर्भाटला पौषातली मगरपूजा बघितली होती. खाडीकाठच्या चिखलाची भलीमोठी मगर करतात, डोळ्यांना शिंपले, दातांना काड्या, आणि तिला नारळ-फुलं वाहतात. गुजरातेत चरोतर भागातल्या गावतळ्यांत मगरी आणि म्हशी एकाच पाण्यात असतात, खोडियार माता मगरीवर बसते म्हणून तिला कोणी दगड मारत नाही. हे सगळं सांगून मी आमच्या गावात मगरीबद्दल भक्तिभाव जागा करायचा एकदा प्रयत्न करून बघितला. एका तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या देवीला आमच्या घाटाचा पत्ता देता का?"

परत येण्याचं कारण विचारलं की लोकांना एखादा क्षण हवा असतो. असा क्षण माझ्याकडे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी मलेशियात लंकावीच्या मरीनात होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला माणसं नेणारी बोट उलटली. आयुष्यभर बोटींवर काढलेली मी फोनच्या पडद्यावर ते बघत बसले. त्याच दिवसांत खाली कर्नाटकात रायबाग तालुक्यात पुरातल्या घराच्या कौलांवर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ फिरत होता. मरीनात सगळ्यांनी तो बघितला, सगळे हसले. जबडा वासून, चौफेर पाण्याकडे बघत ती कौलांवर पडली होती. मला हसू आलं नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मीही हसले. मग 2020 उजाडलं, बंदरं एकामागून एक बंद झाली, बोटी जिथल्या तिथं अडकल्या आणि मी घरी. दिवसभर करायला काही नाही. गावातली दोन पोरं रात्री काठानं बॅटरी घेऊन मगरी मोजत फिरायची, त्यांच्याबरोबर जाऊ लागले. पुढं त्यातूनच एक छोटा गट, एक छोटा निधी, वनखात्याशी ओळख, परवानगीचे कागद असं होत गेलं. समुद्र सोडला असं मी कधी म्हटलंच नाही.

रात्री बॅटरी कपाळाच्या रेषेत धरायची. पाण्यावर निखाऱ्यासारखे दोन ठिपके पेटतात. डोळे जवळजवळ असतील तर पिल्लू, लांब असतील तर आवाज न करता मागं सरकायचं. दिवसा थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात तेव्हा त्यांच्या पाठीवरचा चिखल वाळून तडकतो, शेताच्या भेगा पडाव्यात तसा. जवळच्या मातीला मासळी आणि ओल्या गोणपाटाच्या मधला वास येतो. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर काठात खड्डा करून अंडी घालते. आतलं तापमान साधारण साडेबत्तीस अंशांच्या आसपास राहिलं तर नर जास्त निघतात, त्याहून गार किंवा गरम असेल तर माद्या. वीटभट्ट्यांसाठी पोयटा उचलायला जेसीबी येतो तो ह्याच काठावर, ह्याच दिवसांत. आम्ही एकदा मे महिन्यात समोरच्या काठावरून दुर्बीण लावून बसलो होतो. पिल्लं अंड्यातूनच ओरडतात, मातीखालून. आम्हाला ते ऐकू आलं नाही, आईला आलं. ती वर आली, पुढच्या पायांनी माती ओढली, अर्धवट फुटलेलं एक अंडं जबड्यात घेतलं आणि दातांमध्ये फिरवून अलगद फोडलं. मग पिल्लं तोंडात घेऊन पाण्याकडे, परत वर, परत पाण्याकडे. त्याच जबड्यानं तिनं आमच्या शेजारच्याचं रेडकू नेलं होतं.

आणि कधीतरी फोन येतो. तेव्हा मी काय लिहावं हे मला कळत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. पोरगं असतं, नाहीतर फुटबॉल काढायला उतरलेला बापया असतो, नाहीतर धुणं धुणारी बाई. घरापुढं माणसं जमलेली असतात. मी "मगरवाली बाई" म्हणून गेलेली असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, हे त्या ओट्यावर बसून सांगता येत नाही. सरकारी मदतीचे कागद भरायला बसते, कारण हाताला काहीतरी काम लागतं. एकदा एका आजोबांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "त्यांना तुमी वाचवता. आमाला कोन?" ह्यावर मी तासभर बोलू शकते. मळीमिश्रित पाणी आलं की मासे मरून वर येतात आणि मगर काठाकडे सरकते, पोयटा गेला की तिची जागा जाते, हे सगळं खरं आहे. त्या ओट्यावर मी तांब्या खाली ठेवला आणि काही बोलले नाही.

गावसभेतली मागणी ठरलेली असते. पकडा आणि चांदोलीत नेऊन टाका. वेगळ्या जातीची असली तरी एका मगरीची गोष्ट मी तिथं सांगते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातली साडेचार मीटरची मगर पकडून हेलिकॉप्टरनं केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेऊन सोडली. पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर. काही महिने ती तिथंच घुटमळली आणि मग निघाली ती अख्ख्या भूशिराला वळसा घालून, 400 हून जास्त किलोमीटर पोहून, 20 दिवसांत आपल्या जुन्या जागी हजर. 2007 मध्ये ते संशोधन छापून आलं. हे सांगताना माझ्यातली खलाशीण जरा वाहवत जाते, ते भूशीर शिडाच्या बोटीनं ओलांडायचं म्हणजे काय हे मला माहीत आहे. प्रवाह कुठला, वारा कुठला, हे मी हातवारे करून सांगत सुटते. सभेतल्या लोकांचा चहा तोवर निवतो. मागं बसलेल्या आत्ती, त्याच त्या, गाठ तपासणाऱ्या, मान हलवून म्हणाल्या, "घर सोडवत न्हाई कुनाला. तुझंच काय ते न्यारं."

वर्ष-दीड वर्षातून एकदा माझ्या मेलवर केप टाउनहून किंवा फुकेतहून काम येतं. बोट अमुक फुटी, निघायचं अमुक आठवड्यात, रोजचे अमुक डॉलर. आमच्या प्रकल्पाचा निधी एका वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षाचं पत्र येईपर्यंत मी आण्णांच्या पैशावर जेवते, त्यामुळं ते मेल मी दोनदा वाचते. नकाशा उघडते. वाऱ्याचे बाण बघते. इथल्या कामात मला सर्वांत जास्त काय आठवत असेल तर ते समुद्राचं रोकडेपण: रीफ वेळेवर घेतला, म्हणजे शीड आवळून लहान केलं, तर बोट सरळ होते, नाही घेतला तर कलंडते, आणि निकाल दहा मिनिटांत लागतो. इथं आपण केलेल्या गोष्टीचा निकाल लागला की नाही हेच वर्षानुवर्षं कळत नाही. यंदा घाटावर कोणी गेलं नाही ते कुंपणामुळं, की पाणी कमी होतं म्हणून, की लोकांनी बोअर मारले म्हणून? अहवालात मी "कुंपणाचा उपयोग होताना दिसतो" असं लिहिते. मग आत्तींचं वाक्य आठवतं आणि वाटतं, बाईनं एका झटक्यात डेकवर पडलेली पिन उचलून दाखवली. कुंपण बरोबर आहे, बांबू बरोबर आहेत, गाठ चांगली आहे. माणूस सैल आहे.

ह्या प्रश्नाला मी राहीन म्हणून वचन देणं हे उत्तर वाटत नाही. माझ्या वचनावर बांबू उभे राहिले तर ते मी तापानं आजारी पडले तरी पडतील. म्हणून ह्या पावसाळ्यात नदीला पाणी असताना आम्ही दोरीचे तुकडे घेऊन देवळात बसलो. पोरांना बोटीवरच्या गाठी शिकवायच्या असा माझा बेत होता. झालं उलटं. ऊसतोडीला गेलेल्या, वैरणीचे भारे बांधणाऱ्या, गाडीवर कडबा आवळणाऱ्या माणसांना गाठी मी काय शिकवणार? त्यांनी आपली आवळण दाखवली. पीळ देऊन, मधे काठी घालून फिरवायची आणि काठीचं टोक खाली अडकवायचं. भिजल्यावर माझी नायलॉनची गाठ सुटायला बघते, त्यांची काथ्याची आवळण फुगून घट्ट होते. आता आम्ही तीच वापरणार आहोत. वॉल्विस बेच्या त्या बाईनं माझ्या गाठी का सोडल्या असतील ह्याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावच्या बचत गटानं बोलावलं होतं. त्यांनाही घाटावर कुंपण हवं आहे, पण आमच्यासारखं नको. माझ्या कागदावर चार मीटर बाय तीन मीटरचा चौकोन होता. गटाच्या अध्यक्षबाईंनी तो बघितला, शेजारणीला दाखवला आणि दोघी हसायला लागल्या. "ताई, घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या निघतात. ह्यात एक गोधडी तरी पसरते का बघा." मी गोधडी भिजल्यावर किती जड होते, ती आपटायला किती जागा लागते, एका वेळी किती जणी उतरतात हे विचारलंच नव्हतं, त्यांनी विचारायची वाट न बघता सगळं सांगितलं, आणि दोन जणी उठून उभ्या राहिल्या नि हातात नसलेली गोधडी दोन टोकांना धरून पिळून दाखवली. बारा मीटर ठरले. बांबू दुप्पट-तिप्पट लागतील, ते कुणाच्या बेटातून तोडायचे ह्यावर वाद झाला. घटस्थापनेच्या आत पाहिजे असं त्यांचं म्हणणं, तोवर कोयनेचं पाणी सुरू असलं तर बांबू टिकायचे नाहीत हे माझं. शेवटी ह्या वर्षी गोधड्या विहिरीवर धुवायच्या, कुंपण दिवाळीनंतर, आणि बांबू काढून ठेवायची पाळी मे महिन्यात दर घरटी लावायची असं ठरलं. पाळीच्या यादीत माझं नाव घालू का म्हणून मी विचारलं तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्या गावच्या कुठं?" आणि वही मिटली.